शहराची हजेरी घेणारा छायाचित्रकार

शहराचे छायाचित्र म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर काय येते? मुंबई म्हटली की गेटवे ऑफ इंडिया, हैदराबाद म्हटले की चारमिनार, आग्रा म्हटले की ताजमहाल. म्हणजे इमारती. माणसे त्यात असलीच तर मुंगीएवढी, इमारत किती भव्य आहे हे कळावे एवढ्यापुरती. आज मी ज्यांच्याविषयी सांगणार आहे त्या छायाचित्रकाराने हा हिशेब उलटा मांडला. त्यांच्या चित्रांत माणूस पुढे असतो आणि घुमट, मिनार, पूल, जहाजे त्याच्या पाठीशी उभी असतात. त्यांचे नाव आरा ग्युलेर आणि त्यांचे शहर इस्तंबूल. ‘इस्तंबूलचा डोळा’ असेच जग त्यांना म्हणत असे.

मी इस्तंबूल पाहिलेले नाही. माझी आणि ग्युलेर यांची ओळख झाली ती ओरहान पामुक यांच्या पुस्तकामुळे. पामुक यांना २००६ साली नोबेल पारितोषिक मिळाले आणि आपल्याकडच्या वाचकांनीही त्यांची पुस्तके शोधून वाचायला सुरुवात केली. त्यांत इस्तंबूलच्या आठवणींचे एक पुस्तक आहे. ते मूळ तुर्की भाषेत २००३ साली निघाले. त्यात पानोपानी कृष्णधवल छायाचित्रे आहेत आणि त्यांतली बरीचशी ग्युलेर यांची आहेत. शहराच्या उदासीला पामुक यांनी ‘हुझुन’ हा शब्द वापरला आहे. मूळ अरबी शब्द. उर्दू शायरीत आम्ही ‘हुज़्न’ म्हणतो तोच हा. शब्दाचा अर्थ मला आधीपासून ठाऊक होता. पण धुरकट उजेडात घाटावर उतरणारी माणसे, ओल्या फरसबंदीवरचे दिव्याचे प्रतिबिंब आणि मागे पुसट झालेला मशिदीचा घुमट पाहिला, तेव्हा तो शब्द कसा दिसतो हे कळले.

आता मूळ माणसाकडे वळू. आरा ग्युलेर यांचा जन्म १६ ऑगस्ट १९२८ रोजी इस्तंबूलच्या बेयोलू भागात एका आर्मेनियन कुटुंबात झाला. वडील मूळचे आनातोलियातल्या शेबिनकाराहिसारकडचे. लहानपणीच त्यांना शिक्षणासाठी इस्तंबूलला पाठवले होते. १९१५ साली आनातोलियातल्या आर्मेनियन लोकांना घरादारांतून हुसकावून लावले गेले, असंख्य मारले गेले. हा मुलगा तेव्हा इस्तंबूलमध्ये होता, म्हणून वाचला. पुढे त्याने शहराच्या मुख्य रस्त्यावर औषधांचे दुकान थाटले. त्या रस्त्याचे नाव इस्तिकलाल, म्हणजे स्वातंत्र्य. नाटक-सिनेमातली मंडळी या दुकानात येत-जात. त्या ओळखीतून आराला कुमारवयातच चित्रपटाच्या स्टुडिओत उमेदवारी करता आली आणि नामवंत नट-दिग्दर्शक मुहसिन एर्तुरुल यांच्याकडे नाट्यशिक्षणही मिळाले. त्याला नाटककार व्हायचे होते. त्याने आर्मेनियन भाषेत कथा लिहिल्या, विद्यापीठात अर्थशास्त्राचे वर्ग केले आणि १९५० साली तो ‘येनी इस्तंबूल’ या वर्तमानपत्रात दाखल झाला. ‘येनी’ म्हणजे नवे. नव्या इस्तंबूलच्या नावाने निघालेल्या पत्रात बसून हा तरुण जुन्या इस्तंबूलची चित्रे गोळा करू लागला.

ग्युलेर यांचे मोठेपण समजून घ्यायचे तर ते वर्तमानपत्राचे नोकर होते, ही गोष्ट विसरून चालणार नाही. आपण कलावंत नाही, वृत्तछायाचित्रकार आहोत, डोळ्याने पाहून इतिहास लिहिणारे आहोत, असे ते आयुष्यभर सांगत राहिले. छायाचित्राला कोणी कला म्हटले की ते चिडत. कला खोटेही सांगू शकते, छायाचित्राने मात्र जे घडले ते सांगितले पाहिजे, अशा अर्थाचे त्यांचे म्हणणे असे. त्यांच्या चित्रांची जादू याच हट्टात आहे, असे मला वाटते. सुंदर चित्र काढायला निघालेला माणूस सुंदर गोष्टी निवडतो. बातमी आणायला निघालेला माणूस जे समोर आहे ते घेतो. समोर काय होते? कुमकापीचे मच्छीमार होते, हमाल होते, कारागीर होते, तोफखान्याच्या गुत्त्यात बसलेली थकलेली माणसे होती. हो, ‘तोफखाना’ हे इस्तंबूलच्या एका भागाचे नावच आहे. तिथे ते ‘तोपहाने’ असे उच्चारतात. आपल्या अहिल्यानगरलाही तोफखाना आहेच!

कुमकापीच्या मच्छीमारांवर त्यांनी १९५२ च्या सुमारास एक वृत्तमालिका केली. ती ‘जामानाक’ या आर्मेनियन दैनिकात आली. कुमकापी ही मार्मारा समुद्राच्या काठावरची जुनी वस्ती. आर्मेनियन धर्मपीठही तिथेच आहे. ग्युलेर त्या कोळ्यांबरोबर होड्यांतून गेले. पहाटेच्या पहिल्या उजेडात बंदराकडे परतणाऱ्या होड्यांचे त्यांचे चित्र आज जगभर छापले जाते. त्या चित्रात समुद्र रमणीय दिसत नाही. रात्रभर राबून आलेल्या माणसांचे थंडीने आखडलेले हात आपल्याला जाणवतात. काठावरून घेतलेल्या चित्रात आणि होडीत बसून घेतलेल्या चित्रात हा फरक पडतो.

दुसरे एक चित्र १९५६ सालचे, सिरकेजी भागातले. सिरकेजी म्हणजे त्या काळी युरोपातून येणाऱ्या आगगाड्यांचे शेवटचे स्थानक. हिवाळ्यातली संध्याकाळ आहे. रुळांवर एक घोडागाडी आली आहे आणि मागे ट्राम आहे. गाडीवान लगबगीने वाट मोकळी करू पाहतो आहे. बस, एवढेच. पण पाहा, या एका क्षणात काय काय सापडले आहे. घोड्याचा काळ विजेच्या काळाला वाट करून देतो आहे. आणि गंमत अशी की ज्या ट्रामसाठी घोड्याने बाजूला व्हायचे, ती ट्रामही फार दिवस टिकणार नव्हती. इस्तंबूलच्या युरोपीय बाजूची ट्राम १९६१ साली बंद झाली. आमच्या मुंबईची ट्राम ३१ मार्च १९६४ रोजी शेवटची धावली. मी ती पाहिली नाही. वडिलांच्या तोंडून तिची घंटा तेवढी ऐकली आहे. ग्युलेर यांनी ते चित्र घेतले तेव्हा ती एक साधी संध्याकाळ होती. तिचा इतिहास नंतर झाला.

हे चित्र साधते कसे, याकडेही थोडे पाहू. ग्युलेर पुष्कळदा पहाट आणि संध्याकाळ या कडेच्या वेळा साधत. दुपारच्या कडक उन्हात वस्तू स्वच्छ दिसते, पण तिच्याभोवतीची हवा दिसत नाही. संधिप्रकाशात धूर, धुके, पाण्याची वाफ यांना आकार येतो. त्या काळच्या फेरीबोटी कोळशावर चालत. त्यांच्या धुराचे लोट गलाता पुलावर आणि हालिचच्या खाडीवर सतत पसरलेले असत. हा धूर चित्रात एक कामगिरी बजावतो. तो मागच्या मिनारांना पुसट करतो आणि पुढच्या माणसाची आकृती ठळक करतो. आपल्याला वाटते, काय काव्यमय वातावरण आहे! खरे तर तो बोटीच्या भट्टीत कोळसा ओतणाऱ्या माणसाच्या घामाचा धूर आहे. आम्ही कवी मंडळी ‘वातावरण’ हा शब्द फार सैलपणाने वापरतो. ग्युलेर यांच्या चित्रांत वातावरणालाही कष्टाचा वास आहे.

त्यांच्या कामाचा पसारा मात्र फक्त इस्तंबूलपुरता नव्हता. १९५८ साली अमेरिकेतल्या टाइम-लाइफने तुर्कस्तानात कचेरी उघडली आणि ग्युलेर तिचे वार्ताहर झाले. पुढे ‘पारी मॅच’, ‘श्टेर्न’, लंडनचे ‘संडे टाइम्स’ यांच्यासाठी त्यांनी काम केले. ‘हयात’ नावाच्या तुर्की साप्ताहिकाच्या छायाचित्र विभागाचे ते प्रमुख होते. ‘हयात’ म्हणजे आयुष्य. ‘वडील हयात असताना’ असे आपण म्हणतो तोच हा शब्द. आंरी कार्तिए-ब्रेसाँ आणि मार्क रिबू या फ्रेंच छायाचित्रकारांशी त्यांची ओळख झाली आणि त्यांच्यामार्फत मॅग्नम या नामांकित संस्थेशी संबंध आला. १९६२ साली जर्मनीत त्यांना ‘मास्टर ऑफ लायका’ हा बहुमान मिळाला. पिकासो, साल्वादोर दाली, आल्फ्रेड हिचकॉक, बर्ट्रांड रसेल, विन्स्टन चर्चिल यांची छायाचित्रे त्यांनी घेतली. आपल्या इंदिरा गांधीही या यादीत आहेत. मला स्वतःला या सगळ्या नामवंतांपेक्षा आशिक वेसेल यांचे चित्र जवळचे वाटते. वेसेल हे आनातोलियातले लोककवी. लहानपणी देवी येऊन त्यांची दृष्टी गेली आणि पुढे साझ हे तंतुवाद्य घेऊन ते गावोगाव गात फिरले. ज्याला दिसत नाही अशा कवीचे चित्र, ज्याचे सगळे आयुष्य पाहण्यात गेले अशा माणसाने घ्यावे, यात मला मोठा अर्थ वाटतो.

आता एक हकीकत सांगतो. ती ग्युलेर यांनी स्वतः अनेकदा सांगितली आहे. १९५८ साली पश्चिम तुर्कस्तानात केमेर नावाच्या धरणाचे उद्घाटन होते. त्याची छायाचित्रे घेऊन परतताना त्यांचा ड्रायव्हर वाट चुकला. रात्र झाली. दूर एक दिवा दिसला, म्हणून ते तिकडे गेले. ते गाव होते गेयरे. कॉफीच्या दुकानात गावकरी पत्ते खेळत बसले होते आणि त्यांचे टेबल म्हणजे एका प्राचीन खांबाचा कोरीव माथा होता! सकाळी पाहतात तो सारे गावच प्राचीन अवशेषांवर उभे. घरांच्या भिंतींत कोरीव दगड बसवलेले, संगमरवरी शवपेटीत द्राक्षे तुडवण्याचे काम चाललेले. हे अफ्रोडिसियास नावाचे ग्रीक-रोमन काळातले शहर होते. विद्वानांना ते अगदीच अज्ञात होते असे नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी फ्रेंचांनी आणि १९३७ साली इटालियनांनी तिथे थोडे खोदकाम केले होते. पण नंतर त्याची कोणी विचारपूस केली नव्हती. ग्युलेर यांची छायाचित्रे परदेशी नियतकालिकांकडे गेली आणि लोकांचे लक्ष तिकडे वळले. १९६१ साली न्यूयॉर्क विद्यापीठाचे प्राध्यापक केनान एरिम यांनी तिथे पद्धतशीर उत्खनन सुरू केले. १९९० साली मृत्यू येईपर्यंत ते तेच काम करत राहिले. त्यांची कबरही तिथेच आहे. २०१७ साली युनेस्कोने अफ्रोडिसियासला जागतिक वारशाचा दर्जा दिला.

या हकीकतीचा उत्तरार्ध मला अधिक महत्त्वाचा वाटतो. उत्खनन वाढले तसे गेयरे गाव तिथून हलवण्यात आले. आज प्रवासी जातात ते अवशेष पाहायला. अवशेषांत राहणारी, खांबाच्या माथ्यावर पत्ते कुटणारी माणसे आता तिथे नाहीत. ती ग्युलेर यांच्या चित्रांत आहेत. दोन हजार वर्षांपूर्वीचे शहर शोधायला विद्वान आले. त्या शहरातल्या शेवटच्या रहिवाशांची नोंद मात्र एका वाट चुकलेल्या पत्रकाराने ठेवली.

ग्युलेर यांच्या अष्टपैलुत्वाचे रहस्य इथे उलगडते. मुत्सद्दी, चित्रकार, कोळी, हमाल, धरण, पडकी शहरे, सोळाव्या शतकातला थोर वास्तुकार सिनान याच्या मशिदी असे त्यांचे विषय होते. सिनानच्या वास्तूंवर त्यांच्या छायाचित्रांचा मोठा ग्रंथ आहे. १९७५ साली त्यांनी एक माहितीपटही केला. विषय होता ‘यावुझ’ या जुन्या युद्धनौकेचा शेवट, म्हणजे ती मोडीत निघण्याची कहाणी. वरवर पाहता विषयांचा एकमेकांशी संबंध नाही. पण कुतूहल एकच आहे. आज जे आहे ते उद्या नसेल, तेव्हा आज त्याची नोंद व्हायला हवी. शाळेत गुरुजी हजेरी घेतात ना, तशी त्यांनी आपल्या काळाची हजेरी घेतली. कोण आहे, कुठे आहे, काय करतो आहे. आणि हजेरीपटात ‘अ’ वर्गाचे आणि ‘ब’ वर्गाचे असे रकाने ठेवले नाहीत. पिकासोलाही एक ओळ, हमालालाही एक ओळ.

त्यांचे शहर झपाट्याने बदलत होते. १९५० साली इस्तंबूलची वस्ती सुमारे दहा लाख होती, आज ती दीड कोटींच्या वर आहे. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात रुंद रस्त्यांसाठी जुन्या वस्त्या पाडल्या गेल्या. १९८० च्या दशकात बेयोलूला लागूनच असलेल्या तार्लाबाशीत शेकडो जुन्या इमारती जमीनदोस्त झाल्या. १९१२ साली बांधलेला गलाता पूल १९९२ साली आगीत सापडला. घरांबरोबर माणसेही गेली. ६ आणि ७ सप्टेंबर १९५५ रोजी जमावांनी ग्रीक, आर्मेनियन आणि ज्यू लोकांची दुकाने-घरे फोडली, जाळली. इस्तिकलाल रस्ता फुटक्या काचांनी आणि कापडाच्या तुकड्यांनी भरून गेला होता. ग्युलेर यांच्या वडिलांचे औषधांचे दुकान होते तोच हा रस्ता. १९६४ साली आणखी हजारो ग्रीकांना देश सोडावा लागला. पिढ्यान्‌पिढ्या एका चाळीत राहावे तशी राहिलेली नाना धर्मांची, नाना भाषांची माणसे पांगली.

आणि अशा शहराची आठवण कोणी जपली? तिथल्याच एका अल्पसंख्य घरातल्या मुलाने. त्याने फक्त आपल्या लोकांचे शहर जपले नाही, सगळ्यांचे जपले. सुलेमानिये मशिदीसमोरचा नावाडी, चर्चच्या गल्लीतली मुले, घाटावरचा पाववाला. आज इस्तंबूलमधल्या कुठल्याही माणसाला ‘तुमचे जुने शहर कसे होते?’ असे विचारले तर तो कदाचित ग्युलेर यांचे चित्र दाखवील. मीही घरात एक बोली आणि कागदावर दुसरी भाषा घेऊन वाढलेला माणूस आहे. मराठीत कविता लिहितो म्हणून कोणी कौतुक करते, कोणी नवल करते. अशा वेळी मला ग्युलेर आठवतात. शहर किंवा भाषा आपली आहे का, हा प्रश्न त्यांनी वादात सोडवला नाही. ते रोज सकाळी कॅमेरा घेऊन त्या शहरात उतरले, एवढेच त्यांचे उत्तर.

अखेरच्या वर्षांत ते आपल्या घराण्याच्या इमारतीतल्या ‘आरा काफे’ या उपाहारगृहात बसलेले असत. बोलणे फटकळ, तोंडात शिव्या, पण गप्पांना बसले की उठायचे नाव नाही. त्यांच्या संग्रहात सुमारे आठ लाख पारदर्शिका होत्या असे सांगतात. १६ ऑगस्ट २०१८ रोजी, त्यांच्या नव्वदाव्या वाढदिवशी, इस्तंबूलमध्ये त्यांच्या नावाचे संग्रहालय उघडले. दोनच महिन्यांनी, १७ ऑक्टोबर २०१८ रोजी ते वारले. बेयोलूमधल्याच आर्मेनियन चर्चमध्ये त्यांचा अंत्यविधी झाला. जिथे जन्मले त्याच वस्तीतून शहराने त्यांना निरोप दिला.

संग्रह सुखरूप राहिला, ही फार मोठी गोष्ट आहे. कारण सगळ्यांच्या नशिबी हे नसते. माझ्या लहानपणी आमच्या तालुक्याच्या गावी एक फोटो स्टुडिओ होता. लग्ने, बारशी, उरूस, गणपती, शाळेचे गट, बाजार, पूर असे सारे गाव त्या मालकाच्या काचांवर उतरलेले होते. स्टुडिओ बंद झाला तेव्हा त्या काचा सोड्याच्या पाण्याने धुऊन खिडक्यांना आणि तसबिरींना वापरल्या गेल्या. फिल्मच्या निगेटिव्ह चांदी काढण्यासाठी भंगारात गेल्या. पन्नास वर्षांचे गाव चार दिवसांत पुसले गेले. त्यात कोणाचा दुष्टपणा नव्हता. ‘ही तर साधी माणसांची चित्रे, यांचे काय करायचे?’ एवढाच विचार होता. मुंबईत १९८२ च्या संपानंतर गिरणगाव उतरणीला लागले. धुरांडी पडली, तिथे मनोरे उभे राहिले. गिरणीचा भोंगा झाल्यावर दारातून बाहेर पडणाऱ्या बायाबापड्यांची चित्रे आज शोधू गेले तर किती मिळतील?

आता प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. आपण रोज शेकडो चित्रे घेतो, बहुतेक स्वतःची. ग्युलेर यांच्याकडून शिकायचे असेल तर फार अवघड काही नाही. आपल्या गल्लीच्या कोपऱ्यावर अजून कल्हईवाला येत असेल, पिंजारी येत असेल, चावीवाला छत्री लावून बसत असेल, तर एकदा त्याच्याशी दोन शब्द बोलावेत, त्याची परवानगी घ्यावी आणि तो काम करत असताना त्याचे एक चित्र घ्यावे. चित्रावर गावाचे नाव आणि तारीख लिहावी. माळ्यावर आजोबांच्या वेळच्या निगेटिव्ह असतील तर त्या फेकू नयेत. कोरड्या कागदात गुंडाळून, दमट हवेपासून दूर ठेवाव्यात. हजेरी घ्यायला गुरुजी यावे लागतात असे नाही. पट मात्र कोणीतरी उघडावा लागतो.